एका चुलीवरचें कुटुंब

आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं, माळ्यावरच्या एखाद्या पेटींत, पणजोबांच्या वेळचें एक छायाचित्र असेल. मध्यें खुर्चीवर पागोटें घातलेले वडील पुरुष, त्यांच्या दोन्ही बाजूंस भाऊ आणि कर्ते मुलगे, पायाशीं सतरंजीवर मुलें, आणि मागल्या ओळींत नथी घातलेल्या सुना. असें चित्र हातीं आलें म्हणजे पाहणारा सुस्कारा टाकतो आणि म्हणतो, ‘तेव्हां घर कसें भरलेलें असे! म्हाताऱ्यांची आबाळ नव्हती, पोरांना एकटेपण ठाऊक नव्हतें.’ हा सुस्कारा मीं पुष्कळदां ऐकला आहे, आणि खरें सांगावयाचें तर एखाद्या वेळीं स्वतःहि टाकला आहे. परंतु इतिहासाच्या दृष्टीनें त्या चित्राकडे पाहूं लागलें म्हणजे एक गोष्ट आधीं डोळ्यांत भरते. त्या चित्रांत घरांतलीं सगळीं माणसें नाहींत. ज्या विधवा आत्यानें किंवा काकूनें त्या सकाळीं सर्वांचा स्वयंपाक केला, ती सोंवळ्यांत होती. ती चित्रापुढें आलेली नाहीं. आणि घरांत जन्मलेल्या मुली तर केव्हांच दुसऱ्या घरच्या चित्रांत, मागल्या ओळींत, जाऊन उभ्या राहिल्या आहेत.

एकत्र कुटुंब चांगलें कीं विभक्त चांगलें, हा वाद आपल्याकडे गेलीं शंभर-सवाशें वर्षें चालू आहे. तो आज निकालांत काढावा अशी माझी इच्छा नाहीं. मला एवढेंच पाहावयाचें आहे कीं, मागील दीड शतकांत मराठी घरांतल्या मुलांचें आणि आईबापांचें बरें झालें तें कोणामुळें, आणि त्याची किंमत कोणीं दिली.

आरंभीं एक समज दूर केला पाहिजे. जुनीं घरें सर्वत्र माणसांनीं गजबजलेलीं होतीं, असें आपण गृहीत धरतों. सन १९११ ची हिंदुस्थानची खानेसुमारी पाहिली तर दर घरामागें माणसांची सरासरी पांचहून किंचित् कमीच भरते; त्या अहवालकारांनीं स्वतःच नमूद केलें कीं, ही संख्या युरोपांतील देशांसारखीच आहे. मग तें वीस-पंचवीस पानांचें घर कोठें गेलें? तें होतें, पण थोड्यांचें होतें. कोंकणांतले खोत, पुण्यांतले वाडेवाले, देशावरचे इनामदार-वतनदार, मोठे व्यापारी यांच्याकडे तें होतें; आणि पुढें आठवणी लिहिणारीं माणसें बहुतेक ह्याच वर्गांतून आलीं, म्हणून आपल्या स्मरणांत तेंच घर राहिलें. सामान्य कुणब्याच्या घरीं बाप वारला म्हणजे दोन-चार वर्षांत भावांच्या वाटण्या होत. आपल्या धर्मशास्त्रांतहि वांटणीचा विचार किती बारकाईनें केलेला आहे तें पाहावें. कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यांत विज्ञानेश्वरानें मिताक्षरा लिहिली, आणि सतराव्या शतकांत मूळ पैठणच्या भट्ट घराण्यांतल्या नीलकंठानें काशींत व्यवहारमयूख रचला. ह्या दोन ग्रंथांवर मुंबई इलाख्यांतला हिंदु कायदा उभा होता. दोहोंतहि दायविभागाचें प्रकरण मोठें आहे. जेथें वाटण्या होतच नसत, तेथें इतकी शाई कोणी खर्च केली असती?

घरें लहान असण्याचें दुसरें कारण अधिक दुःखद आहे. आजोबा-आजी, मुलगे-सुना आणि नातवंडें अशा तीन पिढ्या एका घरांत नांदावयाच्या तर मुळांत माणसें तितकीं जगलीं पाहिजेत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत ह्या देशांत जन्माच्या वेळचें सरासरी आयुर्मान वीस ते तेवीस वर्षांच्या आसपास होतें. १८९६ मध्यें मुंबईंत आणि पुढल्या वर्षीं पुण्यांत प्लेगनें धुमाकूळ घातला. १९१८ चा इन्फ्लुएंझा तर घरेंच्या घरें रिकामीं करून गेला. बाळंतपणांत सून जाई, तापांत मुलगा जाई, आणि उरलेल्यांनीं उरलेल्यांना सांभाळावयाचें. एकत्र कुटुंबाचा खरा उपयोग येथें होता. आयुष्याचा विमा उतरण्याची सोय ज्या काळीं सामान्य माणसाला नव्हती, त्या काळीं भाऊबंद हाच विमा होता. आई गेलेलें मूल काकूच्या पदराखालीं वाढे; बाप गेला तर चुलता मुंज करून देई. पोरकें मूल रस्त्यावर न येणें हें लहानसें काम नव्हतें, आणि ह्या कामाचें श्रेय त्या व्यवस्थेला मोकळ्या मनानें दिलें पाहिजे.

शिवाय हा आधार रक्ताच्या नात्यापाशीं थांबत नसे. गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारीं एका घरीं, मंगळवारीं दुसऱ्या. माधुकरी मागून शिकलेले किती विद्वान् आपल्या इतिहासांत आहेत, त्यांची गणती नको. पण मला एक साखळी फार अर्थपूर्ण वाटते. धोंडो केशव कर्वे हे मुंबईंत शिकवण्या आणि नोकरी करून राहत असतां आपले मित्र नरहरपंत जोशी यांच्याबरोबर त्यांनीं बिऱ्हाड थाटलें होतें. दोन मित्र, त्यांच्या बायका, आणि शिकावयास आणलेलीं कोंकणांतलीं मुलें, असें तें एकत्र कुटुंब. मात्र तें रक्तापेक्षां मैत्रीवर अधिक उभें होतें. त्या मुलांत नात्यांतलाच एक हुशार मुलगा होता, रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. हाच पुढें १८९९ मध्यें केंब्रिजला सीनियर रँग्लर झाला. त्यानंतर काहीं वर्षांनीं ब्रह्मदेशांत नोकरीस असलेल्या एका करमरकर नांवाच्या गृहस्थांनीं आपली सात वर्षांची मुलगी पुण्यास हुजूरपागेंत शिकावयास ठेवली, आणि ती मुलगी रँग्लर परांजपे यांच्या घरीं त्यांच्या मुलीसारखी वाढली. तिचें नांव इरावती. ती धोंडोपंतांच्या मुलाची, दिनकररावांची, पत्नी झाली, आणि १९५३ मध्यें तिनें हिंदुस्थानांतील आप्तसंबंधांच्या रचनेवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यावांचून ह्या विषयाचा अभ्यास आजहि पुरा होत नाहीं. कुटुंब म्हणजे काय ह्याचा शास्त्रीय विचार आपल्याकडे ज्या विदुषीनें केला, ती स्वतः आईबापांपासून दूर, दुसऱ्याच्या चुलीवर वाढली होती, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. मुलाला घरांत किती माणसें आहेत यापेक्षां आपल्यावर माया करणारें, आपल्या शिक्षणाची काळजी वाहणारें खात्रीचें कोणी आहे काय, ह्याचें महत्त्व अधिक असावें असें मला ह्या साखळीवरून वाटतें.

आतां नाण्याची दुसरी बाजू. पोरक्या मुलाला जी काकू पदराखालीं घेई, तिला स्वतःला कोणाचा पदर होता?

मिताक्षरेप्रमाणें मुलाला जन्मतःच वडिलार्जित मिळकतींत हक्क मिळे. विधवेला एकत्र कुटुंबांत फक्त अन्नवस्त्र आणि राहण्यास कोपरा. तोहि तिच्या आचरणाबद्दल कोणी बोट दाखविलें नाहीं तोंवर. म्हणजे घरांत सर्वांत जास्त राबणारी व्यक्ति तीच, आणि सर्वांत कमी हक्क असलेलीहि तीच. ह्या एका गोष्टीचा परिणाम घरांतल्या प्रत्येक नात्यावर झालेला दिसतो. रमाबाई रानडे यांनीं १९१० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणी आपण वाचल्या असतील. १८७३ मध्यें अकरा वर्षांची ही मुलगी एकतीस वर्षांच्या न्यायमूर्तींची दुसरी पत्नी होऊन आली. पतीनें तिला लिहावयास-वाचावयास शिकविण्यास आरंभ केला, आणि घरांतल्या वडील स्त्रियांना तें मुळींच खपेना. दिवसा त्यांचें ऐकावें तर रात्रीं पतीला काय सांगावें, आणि पतीचें ऐकावें तर दुसरे दिवशीं माजघरांत कसें वावरावें, ह्या कात्रींत ती सांपडली. वाचक सहजच रमाबाईंच्या बाजूनें उभा राहतो आणि त्या स्त्रियांवर रागावतो. पण त्या स्त्रिया कोण होत्या? न्यायमूर्तींची विधवा बहीण दुर्गाआक्का त्यांत होती, आश्रयाला असलेल्या आणखीहि होत्या. त्यांचें जगांतलें सगळें स्थान त्या माजघरांत होतें. तेथला अधिकार, तेथला शब्द, एवढीच त्यांची मिळकत. शिकलेली सून त्या मिळकतींत भागीदार होणार नाहीं, ती मिळकतच निरुपयोगी करील, हें त्यांना आपल्या सुधारकांपेक्षां लौकर कळलें असावें. सासू-सुनेच्या भांडणाला आपण स्वभावदोष म्हणतों. मला तो बराचसा कायद्याचा दोष वाटतो.

आणि हें कुटुंब मुलांना सांभाळी म्हणावें तर सगळ्याच मुलांना नव्हे. विधवेच्या पोटीं आलेलें मूल घराच्या उंबऱ्याबाहेर होतें. १८६३ मध्यें जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यांत बालहत्याप्रतिबंधक गृह काढलें, तें एका ब्राह्मण विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल काळ्या पाण्याची शिक्षा झाली त्यानंतर. वीस-एकवीस वर्षांनीं जोतीरावांनीं लिहून ठेवलें कीं, तोंवर पस्तीस गरोदर विधवा ह्या गृहांत येऊन बाळंत झाल्या, पण त्या मुलांपैकीं अवघीं पांच जगलीं. आईनें आधीं घेतलेल्या विषारी औषधांनीं बाकीचीं गेलीं.   अशाच एका मातेचा मुलगा, यशवंत, फुले दांपत्यानें १८७४ मध्यें दत्तक घेतला, आणि तो पुढें डॉक्टर झाला. १८७५ मध्यें पंढरपुरास लालशंकर उमियाशंकर यांनीं अनाथ बालकाश्रम काढला, तोहि ह्याच गरजेंतून; तीर्थाच्या निमित्तानें विधवांना तेथें आणून सोडण्याचा प्रघात होता.

येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण आपल्या पांढरपेशा चर्चेंत ती नेहमीं राहून जाते. शेतकरी आणि कारागीर जातींत विधवेला पाट लावतां येत असे. ती अन्नाला महाग होऊन जन्मभर बसत नसे. परंतु पाट लावून गेलेल्या आईचीं पहिलीं मुलें बहुधा मेलेल्या नवऱ्याच्या भाऊकीकडे राहत. म्हणजे ब्राह्मण विधवेला मूल होतें पण सुटका नव्हती; कुणब्याच्या विधवेला सुटका होती पण ती मुलाला मागें ठेवून. १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्यानेंहि ही गांठ सोडविली नाहीं. पुनर्विवाह करणाऱ्या स्त्रीचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतींतला हक्क त्या कायद्यानें संपविला, आणि तिच्या मुलांना दुसरा पालक नेमावा असा अर्ज करण्याची मुभा मयताच्या नातेवाइकांना दिली. आईचें सुख आणि मुलाचें सुख हीं एका पारड्यांत बसत नाहींत, असेंच जणूं त्या काळच्या सगळ्या व्यवस्थांनीं ठरविलें होतें.

कुटुंबाचा आधार जसा मोठा, तसा त्याचा दंडहि मोठा. धोंडोपंतांनीं ११ मार्च १८९३ रोजीं मित्राच्या विधवा बहिणीशीं, गोदूबाईशीं, म्हणजे पुढील आनंदीबाईंशीं, लग्न केलें. मुरूडच्या गांवकऱ्यांनीं सभा भरवून बहिष्काराचा ठराव केला. त्याचा घाव धोंडोपंतांवर फारसा बसला नाहीं. ते पुण्यांत फर्ग्युसन कॉलेजांत प्रोफेसर होते. घाव बसला तो मुरूडला राहिलेल्या आईवर आणि भावावर. मुलाला घरांत घेतलें तर गांवचें दार बंद. गांव राखलें तर मुलाला दार बंद. आई-मुलाच्या मध्यें सगळ्या गांवाला उभें राहतां येत असे, कारण कुटुंब हें एकट्याचें नव्हतें. आज आपण ज्याला जिव्हाळ्याचें जाळें म्हणतों, त्याच जाळ्यांत माणूस असा धरला जात असे.

आतां पुण्या-कोंकणच्या माजघरांतून मुंबईच्या गिरणगांवांत जाऊं. येथें एकत्र कुटुंबाचें एक निराळें रूप दिसतें, आणि माझ्या मतें तेंच सर्वांत कमी समजलेलें आहे. १९२१ च्या खानेसुमारींत मुंबई शहरांत दर हजार पुरुषांमागें स्त्रिया फक्त सव्वापांचशेंच्या आसपास होत्या. रत्नागिरीचा, साताऱ्याचा गडी चाळींतल्या एका खोलींत दहा-बारा जणांत राही, खानावळवालीकडे जेवी, आणि मनिऑर्डर गांवीं पाठवी. बायको, मुलें, म्हातारे आईबाप सगळे गांवच्या घरीं. समाजशास्त्रज्ञ सांगत कीं, परंपरेचा पगडा म्हणून हिंदी कामगार एकत्र कुटुंब सोडीत नाहीं. हें अर्धेंच खरें. गिरणीच्या पगारांत बायकामुलांसह मुंबईंत राहणें बहुतेकांना झेपणारें नव्हतें, हें उरलेलें अर्धें. जन्म, बाळंतपण, आजार, संपाचे दिवस आणि म्हातारपण हें सगळें गांवच्या घरानें सोसावयाचें, आणि गिरणीनें फक्त जवानीचीं वर्षें घ्यावयाचीं, असा तो हिशेब होता. गांवच्या सासूनें नातवंडें सांभाळलीं नसतीं तर गिरणीचा भोंगा वाजून उपयोग नव्हता. तिच्या श्रमाची नोंद कोणत्याच कंपनीच्या ताळेबंदांत नाहीं.

ज्यांनीं मुलेंबाळें मुंबईंत आणलीं त्यांचें काय झालें? १९२१ सालीं मुंबईंत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागें सुमारें ६६७ मुलें वर्षाच्या आंत मेलीं असे म्युनिसिपालिटीचे आंकडे होते. एका खोलींत राहणाऱ्या कुटुंबांत तो आंकडा ८२८, आणि चार किंवा अधिक खोल्या असलेल्यांत १३३. हे आंकडे ऐकून अंगावर कांटा येतो. पण ते जपून वाचले पाहिजेत. पुष्कळ बायका बाळंतपणाला कोंकणांत माहेरीं जात. मूल तेथें जन्मे, तेथेंच नोंदलें जाई. आणि मुंबईंत परत आल्यावर दगावलें तर मृत्यु मात्र मुंबईच्या वहींत. त्यामुळें प्रमाण खऱ्याहून पुष्कळ फुगलेलें दिसे. तरी फुगवटा काढून टाकला म्हणून एका खोलीचा आणि चार खोल्यांचा फरक सगळा नाहींसा होत नाहीं. आणि त्या खोलींत आणखी एक गोष्ट होती. १९२२ च्या सुमारास मुंबई सरकारनें एका स्त्री-डॉक्टरकडून गिरणींतल्या बायकांची पाहणी करविली, तेव्हां दिसून आलें कीं, आई कामावर जातांना बहुतेक तान्ह्या मुलांना अफू देऊन निजविलें जातें. तिला बाळगोळी म्हणत. ह्या आयांना निर्दय म्हणणारे पुष्कळ निघाले. त्या खोलींत आजी नव्हती, पाळणाघर नव्हतें, आणि दहा तासांची पाळी होती. हें म्हणणारे थोडे. १९२८ मध्यें मुंबईच्या कायदेकौन्सिलांत बाळंतपणाच्या भत्त्याचें बिल आलें, त्या वेळीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं त्याला पाठिंबा देतांना असें प्रतिपादन केलें कीं, बाळंतपणाच्या आधीं आणि नंतर आईला विश्रांति मिळणें हें राष्ट्राच्या हिताचें आहे. पुढल्या वर्षीं तो कायदा झाला. गांवच्या आजीचें काम प्रथमच कोणी कायद्याच्या भाषेंत मांडलें, असें त्याचें वर्णन केलें तर चुकणार नाहीं.

मध्यमवर्गाची वाट निराळी. येथें घर मोडलें तें बायकांच्या भांडणांनीं, असें म्हणण्याची रीत आहे. प्रत्यक्षांत तें पगारानें बदललें. शेताचें उत्पन्न एकत्र असतें, पगार एकाच्या हातीं पडतो. मग प्रश्न उभा राहिला कीं, कुटुंबाच्या पैशानें शिकलेल्या मुलाचा पगार कोणाचा? १९२१ मध्यें प्रीव्ही कौन्सिलनें एका आय. सी. एस. अधिकाऱ्याच्या प्रकरणांत तो एकत्र कुटुंबाचा ठरविला. प्रत्येक वकील, डॉक्टर आणि कारकुनाच्या छातींत धडकी भरली असेल. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांनीं विद्याधनाचें बिल आणलें, आणि १९३० मध्यें कायदा झाला कीं, विद्येनें मिळविलेलें धन मिळविणाऱ्याचें. त्यानंतर सात वर्षांनीं, १९३७ मध्यें, मुंबईचे शस्त्रवैद्य डॉ. गोपाळराव देशमुख यांनीं पुढाकार घेऊन हिंदु विधवेला नवऱ्याचा हिस्सा देणारा कायदा करविला. तो हयातीपुरताच हिस्सा होता. आणि शेतजमिनीला तो कायदा लागू नाहीं असें फेडरल कोर्टानें १९४१ मध्यें ठरविलें. तरी माजघरांतल्या त्या काकूला कायद्यानें प्रथमच एक नांव दिलें. तिला पूर्ण मालकी मिळाली ती १९५६ मध्यें. मुलींना जन्मतः मुलांसारखा हिस्सा महाराष्ट्रानें १९९४ मध्यें दिला, आणि सगळ्या देशांत तो नियम २००५ मध्यें आला. म्हणजे कर्त्या पुरुषाचा पगार सोडविण्यास आपल्याला नऊ वर्षें लागलीं, आणि तेथून त्याच्या बहिणीचा हिस्सा मान्य होण्यास पाऊण शतक.

दादर-माटुंग्याच्या ब्लॉकांत १९३० च्या सुमारास जें लहान कुटुंब राहावयास आलें, त्यानें नवराबायकोला एकमेकांशीं दिवसाउजेडीं बोलतां येईल अशी जागा दिली. ही थट्टेची गोष्ट नाहीं. रमाबाईंच्या आठवणी पुन्हां वाचाव्या म्हणजे हिची किंमत कळते. धोंडोपंतांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव यांनीं १९२१ मध्यें संततिनियमनाचें केंद्र काढलें आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालविलें, तेव्हां त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. पण मुलें किती व्हावींत ह्याचा आईच्या प्रकृतीशीं संबंध आहे, ही आज कोणी नाकारणार नाहीं अशी साधी गोष्ट ते सांगत होते. ह्या लहान घरांत बापानें मुलाला सर्वांदेखत कडेवर घेणें गैर राहिलें नाहीं. जुन्या घरांत वडिलांसमोर स्वतःच्या मुलाचें कौतुक करणें अमर्यादपणाचें समजत. कित्येक बापांना आपलें मूल नीट पाहतांहि येत नसे. मुलांनीं ह्यांत कमावलें यांत मला शंका नाहीं. गमावलें तें असें कीं, आई आजारी पडली तर पोळ्या लाटणारें दुसरें कोणी उरलें नाहीं, आणि बाप तापट निघाला तर मधें पडणारी आजी नाहीं.

म्हाताऱ्यांचें काय? जुन्या घरांत वृद्धांना मान होता असें आपण म्हणतों तेव्हां डोळ्यांपुढें चौरंगावर बसलेले आजोबा असतात. ते कर्ते होते; जमीन, किल्ल्या आणि लग्नें ठरविण्याचा अधिकार त्यांच्याकडे होता. त्यांच्यामागें राहिलेली आजी बोडकी होऊन कोणत्या मुलाकडे किती महिने जाई, ह्याचा हिशेब वाटणीच्या कागदांत नसे. तो सुनांच्या तोंडीं असे. वयाला मान होता कीं किल्ल्यांना, हें आजोबा आणि आजी यांच्याकडे वेगवेगळें पाहिल्यावांचून सांगतां येणार नाहीं. आतां माणसें जगतात. ज्या देशांत वीस-तेवीस वर्षांचें आयुर्मान होतें तेथें तें सत्तरीच्या घरांत गेलें आहे. तीन पिढ्या एका वेळीं हयात असणें ही अपवादाची गोष्ट राहिली नाहीं, एका छपराखालीं असणें मात्र कठीण झालें आहे. एकत्र कुटुंबाची आठवण आज इतकी तीव्र होते त्याचें एक कारण हें असावें कीं, आजी-आजोबांची आपल्याला जितकी वर्षें काळजी घ्यावयाची आहे, तितकी आपल्या पणजोबांना कधीं घ्यावीच लागली नव्हती.

कायदा येथेंहि मागोमाग आला. १९५६ च्या दत्तक व निर्वाहाच्या कायद्यानें वृद्ध आईबापांच्या पोषणाचा भार मुलाबरोबर मुलीवरहि ठेवला. १९८७ मध्यें महाराष्ट्रांतूनच गेलेल्या एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, विवाहित मुलगीसुद्धां, तिचें स्वतःचें साधन असेल तर, बापाला पोटगी देण्यास बांधलेली आहे. ‘परक्याचें धन’ म्हणून जिला दिली, तिच्याकडे बाप हक्कानें मागूं शकतो, हें आपल्या कुटुंबाच्या इतिहासांत केवढें वळण आहे! २००७ मध्यें आईबाप आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा स्वतंत्र कायदा झाला, आणि वृद्धांना वकिलावांचून न्यायाधिकरणापुढें अर्ज करण्याची सोय मिळाली. त्या कायद्यांत अपत्य म्हणजे कोण, ह्याची व्याख्या दिली आहे: मुलगा, मुलगी, नातू आणि नात. सासूसासऱ्यांचें पथ्यपाणी, औषधाच्या वेळा, रात्रीचें उठणें हें पुष्कळ घरांत आजहि जी करते, ती सून ह्या व्याख्येंत नाहीं.